बिळाच्या तोंडाशी पडलेली माती

प्रश्न असा आला आहे: "बारा एकर रान आहे. नऊ एकर कोरडवाहू, आणि पाणी आल्यापासून तीन एकरांत ऊस. बांधावर, वरच्या माळावर आणि उसाच्या कडेला बिळं दिसतात, पण सगळी सारखी नाहीत. काहींपुढे मातीचा ढीग, काही एकदम साफ, काहींच्या तोंडाशी बारीक खडे. हे एकाच उंदराचं काम का? आणि पावसाळ्यात रान भरतं तेव्हा हे जातात कुठं? मारायचं औषध विचारत नाही. हे जगतात कसे ते सांगा."

औषध विचारलं नाहीत, याबद्दल आधी आभार. तीस वर्षं उंदरांच्या मागे रानोमाळ फिरलो, बिळं खणली, पिंजरे लावले, कवट्या मोजल्या; लोकांनी मात्र कायम एकच विचारलं, काय टाकू म्हणजे मरतील? राहतंय कोण हेच ठाऊक नाही तर मारणार कुणाला?

तर, हे एकाचं काम नाही. तुमच्या वर्णनावरून बारा एकरांत मला निदान चार बिऱ्हाडं दिसतात. आपल्या बोलीत घूस आणि उंदीर असे दोनच शब्द, फार तर तिसरी चिचुंद्री. ती तर उंदीरच नव्हे. किडे खाणारा, लांब मुसकटाचा, वेगळ्याच गणातला प्राणी आहे तो. ससाही यांच्यातला नाही. १९१२ पासून शास्त्रज्ञ त्याला वेगळ्या गणात धरतात. उलट खार, शेकरू आणि साळिंदर ही मंडळी मात्र उंदरांच्या भावकीतली. ओळख एकच, दात. वर दोन, खाली दोन पटाशीचे दात, आणि मराठीतला हा शब्द इथं अक्षरशः खरा आहे. दाताच्या पुढच्या अंगाला कठीण, नारिंगी लुकण असतं, मागचं अंग मऊ. मागचं आधी झिजतं, पुढची धार राहते. सुताराला पटाशी घासावी लागते, उंदराची आपोआप घासली जाते. हे दात जन्मभर वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटरच्या वर. कुरतडणं थांबलं तर वरचा दात वाकून टाळूकडे वळतो आणि प्राणी उपाशी मरतो. तेव्हा पाण्याची नळी कुरतडली म्हणजे खोडी काढली असं समजू नका.

आता बिळांकडे या. बीळ बघताना लोक भोकाकडे बघतात. मी आधी उकीर बघतो. उकरून बाहेर टाकलेली ती भुसभुशीत माती मालकाचं नाव सांगते.

उसाच्या कडेला आणि ओल्या बांधावर जिथं उकराचे मोठे ढीग आहेत, ती घूस. घरात, गटारात दिसते ती थोरली घूस वेगळी, तिचं वजन किलोपर्यंत जातं. रानातली ही धाकटी, पाव किलोच्या आसपास, आखूड थोराड तोंडाची, शेपटी अंगापेक्षा कमी. सकाळी लवकर गेलात तर ढिगाच्या वरची माती ओली, गडद दिसेल आणि भोक मात्र दिसणार नाही. घूस आत शिरल्यावर दार लावून घेते, म्हणजे आतून माती ढकलून बीळ बुजवते. नवखा माणूस ढीग बघतो, भोक सापडत नाही आणि पुढे जातो. ढिगाच्या एका अंगाला माती बोटानं दाबून बघा, पोकळ लागेल ते दार.

एकदा रब्बी ज्वारी काढल्यावर असं एक बीळ आम्ही टिकावानं नव्हे, खुरप्यानं उकललं. त्यासाठी सकाळ गेली. बोगदा मूठ आत जाईल एवढा, बांधाच्या लांबीनं गेलेला, मध्येच फाटे फुटलेला. दोन फाटे कुठंच जात नव्हते. हातभर खोलीवर एक कोठार लागलं. ज्वारीची कणसं ताटापासून तोडून, आत मावतील एवढे तुकडे करून, एकाला एक लावून रचलेली. दोन ओंजळी भरतील एवढी. बुरशीचा वास नाही, मोड आलेला नाही. त्याच्या पुढच्या कप्प्यात ज्वारीच्या पाल्याच्या चिंध्या केलेला बिछाना आणि त्यात सात पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. आई फाट्यात होती. तिनं पळून जायच्या ऐवजी पाठीवरचे लांब राठ केस उभे केले, फुगली आणि डुकरासारखं गुरगुरली. तेलुगूत हिला पंदिकोक्कू म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर, आणि इंग्रजीतला बँडिकूट हा शब्द तिथूनच गेला. पुढे ऑस्ट्रेलियात पिशवीवाल्या एका प्राण्याला तेच नाव चिकटलं, त्याचा उंदराशी काही संबंध नाही.

त्या बिळात मोठं जनावर एवढं एकच. घूस एकलकोंडी आणि भांडकुदळ आहे. दोन मोठ्या घुशी एका पिंजऱ्यात ठेवल्या तर सकाळी एक मेलेली सापडते. ही चूक मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केली, पुन्हा नाही. तेव्हा बांधावर दहा ढीग दिसले म्हणजे दहा कुटुंबं असं नव्हे. एकाच घुशीच्या बिळाला पाच-सहा तोंडं सहज असतात.

उंदरांचा वंश किती वाढतो, हेही घुशीवरून कळतं. गर्भ तीन आठवड्यांचा, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि पिल्लू तीन महिन्यांत स्वतः विणारं. हा हिशोब कागदावर मांडला तर वर्षअखेर पाय ठेवायला जागा उरणार नाही. प्रत्यक्षात बहुतेक पिल्लं बिछान्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच कुणाच्या तरी पोटात जातात. रानात वर्ष पुरं करणारा उंदीर नशीबवान.

कोठारातलं धान्य माणसानंही कायम मोजलंय. दक्षिण मराठा मुलखात, धारवाडकडे नोकरीला असलेल्या वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ साली तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. त्यात त्यानं लिहून ठेवलंय की वडार लोक सुगीत घुशीची बिळं खणतात, जनावर खातात आणि कोठारातलं धान्यही काढतात. एका बिळात कधी कधी अर्धा शेर निघतं, अख्ख्या कणसांसकट. कोकणात भातकापणी झाल्यावर कातकरी बांधव हेच करत आले. शाळेत शिकवलं जात नाही, पण या लोकांइतका बिळाचा नकाशा डोक्यात असलेला माणूस मी विद्यापीठात पाहिलेला नाही. मला खरं शिकवलं ते एका वडार बाबांनी.

तो किस्सा तुमच्या वरच्या माळाचा आहे, म्हणून सांगतो. मुरमाड माळ, कुसळी गवत, अधूनमधून बोराटी. तिथं जी साफ बिळं आहेत, बाहेर उकीर नसल्यासारखा, एका बिळापासून दुसऱ्यापर्यंत गवतात बारीक पायवाट पडलेली, ती लांब पायांच्या उंदराची. पुस्तकात त्याला जर्बिल म्हणतात. वाळूच्या रंगाची पाठ, पोट पांढरं स्वच्छ, डोळे मोठे काळेभोर, मागचे पाय लांब आणि शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. रात्री बॅटरीच्या उजेडात आला तर पळत नाही, उड्या मारतो. मी असंच एक बीळ खणायला बसलो होतो, दोन तोंडं दगडानं बंद करून, तिसऱ्यावर पिंजरा लावून. बाबा माझ्याजवळ न बसता दहा पावलांवर, जिथं काहीच नव्हतं, तिथं हातात टोपली घेऊन उकिडवे बसले. मला वाटलं विडी ओढायला गेले. मी हातभर खणलं असेल नसेल, त्यांच्या पायाशी जमीन फुटली आणि उंदीर हवेत उडाला. टोपली त्याच्यावर पडली सुद्धा. नंतर त्यांनी दाखवलं. या उंदराचा एक बोगदा खालून वर, जमिनीच्या पाठीला लागेपर्यंत येऊन थांबतो, वर फक्त बोटभर मातीचा पापुद्रा ठेवतो. आत धामण शिरली की डोक्यानं पापुद्रा फोडून पसार. बाबांनी ती जागा ओळखली होती गवतावरून. तिथलं गवत थोडं पिवळं पडलं होतं, मुळं तुटल्यामुळं.

या जर्बिलला पाणी जवळजवळ लागत नाही. बी, कंद, मुळं, किडे यांतून मिळेल तेवढ्यावर भागतं, आणि दिवसभर बिळाच्या गारव्यात बसून तो ओलावा टिकवून धरतो. म्हणून मे महिन्यात जिथं बाभळीही कोमेजतात तिथं याची पायवाट ताजी असते. आणि म्हणूनच पाणी आलं की तो मागं हटतो. तुमच्या तीन एकरांत ऊस झाला, पाणी मुरलं, माती ओली राहू लागली. तिथून जर्बिल माळावर सरकला आणि त्याच्या जागी घूस आली. जिथं जिथं कालवा गेला तिथं हे असंच होत गेलेलं दिसतं. ऊस म्हणजे घुशीला बाराही महिने सावली, पाचटाचं पांघरूण आणि गोड बुंधा. बाकी रानात सुगी संपली की उपास पडतो, उसात पडत नाही.

खडे असलेली बिळं छोट्या उंदरांची. भोक अंगठ्याएवढं. काटेरी केसांच्या एका जातीला, पाठीवरून उलटा हात फिरवला तर टोचतात अशा, बारीक खडे गोळा करायची सवय असते. तोंडाशी मांडतो, आतही अंथरतो. लाल, मुरमाड जमिनीत हमखास. त्याच्याच शेजारी, बांधाच्या उतारावर, मूठभर माती आणि पेन्सिल जाईल एवढं भोक दिसलं तर तो शेतातला चिमुकला उंदीर, भरलं वजन दहा ग्रॅमच्या आसपास. घरातल्या पिटुकल्या उंदराचाच रानातला भाऊ. एवढ्याशा जिवाला रोज सतत खावं लागतं, म्हणून खरिपात पेरलेलं बी उकरून नेणारा चोर पुष्कळदा हाच असतो आणि बोल मात्र घुशीला लागतो.

चौथं बिऱ्हाड तुम्हाला दिसलं नाही, कारण त्याला बीळ करायचा कंटाळा. काळ्या मातीच्या पट्टीत उन्हाळ्यात भेगा पडतात ना, हात कोपरापर्यंत जाईल अशा? त्यात मऊ केसांचा, करडा, मध्यम अंगाचा उंदीर राहतो. शास्त्रीय नाव मिलार्डिया मेल्टाडा. आयती भेग नसेल तर बांधावरच्या दगडांच्या राशीत, नाहीतर घुशीच्या सोडलेल्या बिळात. खणला तरी चार बोटं खणेल. पाच-सहा जण मिळून राहतात, घुशीसारखी मारामारी नाही.

आणि इथंच तुमच्या पावसाळ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. मृगाचा पहिला दणका बसला की काळी माती फुगते आणि भेगा मिटतात. आत असलेले उंदीर तिथंच गाडले जातात, शेकड्यानं. दरवर्षी. या जातीची वाढ रोखणारं सगळ्यात मोठं कारण कुठलं घुबड नाही की औषध नाही, वेळेवर आलेला पाऊस. एलियटनं हेही नोंदलंय: १८२६ साली सुरुवातीचा पाऊस नेहमीसारखा झाला नाही आणि या उंदरांनी उच्छाद मांडला. पेरलेलं बी लगेच खाल्लं, पुढं ज्वारी निसवल्यावर ताटांवर चढून कणसं तोडली. आजही मृग कोरडा गेला की मी ओळखीच्या शेतकऱ्यांना सांगतो, यंदा काळ्या रानात डोळा ठेवा.

बाकीच्यांचं पावसाळ्यात काय होतं? माळावरचा जर्बिल बसल्या जागी सुटतो, मुरमातून पाणी निचरून जातं. घूस उत्तम पोहते. भाताच्या खाचरात गुडघाभर पाणी असताना बांधावर बीळ राखून राहते. पाणी चढलं की सगळे उंचावर येतात, म्हणजे बांध, रस्त्याची कड, विहिरीचा भराव. अशा वेळी एकाच बांधावर तीन-तीन जाती आणि त्यांच्यामागे लागलेले साप असा गोतावळा जमतो. उशिरा वाढलेली पिल्लं बुडतात. जुलैत रानात उंदीर सगळ्यात कमी. मग बाजरी, भुईमूग, सोयाबीन भरू लागलं की वीण जोर धरते आणि रब्बीपर्यंत संख्या चढत जाते.

सापाचं निघालंच आहे तर. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण ज्यानं केली त्यानं नक्की बांधावर बसून पाहिलं असणार. नागाला पाय नाहीत, नखं नाहीत, त्याला बीळ खणता येत नाही. तुमच्या रानातलं नागाचं प्रत्येक बीळ आधी कुणातरी उंदराचं होतं. तो घरही घेतो आणि घरमालकही खातो. धामण, घोणस यांचंही तेच. उसाच्या पाचटात घोणस का असते, तर घूस असते म्हणून. वरून गव्हाणी घुबड, पिंगळा, दिवसा कापशी घार, जमिनीवर मुंगूस, खोकड, रानमांजर. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस यांची गोळी करून ओकतं. पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखराखाली या गोळ्या सापडतात. पाण्यात भिजवून चिमट्यानं उकलल्या की आत कवट्या. ज्याच्या वरच्या दातांवर उभी पन्हळ आणि कानामागं फुगलेली हाडाची वाटी, तो बहुतेक जर्बिल. त्या मोठ्या वाटीमुळं त्याला घुबडाच्या पंखांची हलकी चाहूलही लागते. तरी गोळीत तो असतोच, म्हणजे दरवेळी लागत नाही. कुठल्या रानात कोण राहतं याची खानेसुमारी करायला मी पिंजऱ्यापेक्षा घुबडावर जास्त भरवसा ठेवत आलो.

एक गंभीर गोष्ट, थोडक्यात. माळावरचा हा जर्बिल आपल्याकडे प्लेगच्या जंतूचा जुना सांभाळकर्ता आहे. त्याला हा रोग बराच पचतो, म्हणून जंतू रानात टिकून राहतो. घरातल्या काळ्या उंदराला पचत नाही, तो मरतो, आणि त्याच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा माणसावर येतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, भागातले लोक भीतीनं घरं सोडून बाहेर राहिले, धान्य घरातच राहिलं, उंदीर माजले. आणि १९९४ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवा आणि मेलेले उंदीर, मग माणसांना गाठी. रानातले आणि घरातले उंदीर एरवी एकमेकांत मिसळत नाहीत, ती मिसळण मोडलेल्या व्यवस्थेत होते. रोजच्या धोक्याचं म्हणाल तर उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. पायाला चीर असताना साचलेल्या पाण्यात उतरू नका. आणि कारण कळत नसताना उंदीर पटापट मरून पडलेले दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्रात सांगा.

बीळ न करणारेही आहेत. बांधावरच्या झुडपात गवताचा गोल खोपा दिसला, खाली गवतात बोगद्यासारखी वाट, तर तो झुडपी उंदीर. पाखराचं घरटं समजून मुलं त्यात हात घालतात. झाडावर, अंगापेक्षा लांब शेपटीनं फांदीला विळखा घालून चढणारा बारका लांबशेपट्या उंदीरही आहे, त्याच्या पायाच्या अंगठ्याला नखीऐवजी चपटं नख असतं, माणसासारखं. शेकरूबद्दल लिहायला बसलो तर हे उत्तर भीमाशंकरला पोचेल, तेव्हा ते राहू द्या.

ओढ्याच्या दरडीत मोठं भगदाड असेल, कुत्रं आत जाईल एवढं, तर तोंडाशी वाकून बघा. चघळलेली हाडं पडलेली असतील. लोक म्हणतात बिबट्याची जाळी. हाड उचला. त्यावर शेजारी शेजारी पन्हळी कोरल्यासारख्या दिसतील, ते पटाशीच्या दातांचं काम, म्हणजे साळिंदर. दात झिजवायला आणि चुना मिळवायला ते हाडं, गळालेली शिंगं घरी वाहून आणतं. एखाददुसरा काटाही सापडेल, आपोआप गळलेला. काटे फेकून मारतं ही ऐकीव गोष्ट. ते शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं आणि न भागल्यास उलटं, पाठ करून अंगावर येतं. काटे सैल असतात, ते समोरच्याच्या अंगात राहतात.

आता तुम्ही करायचं काम. संध्याकाळी एका बांधावरची सगळी बिळं ओल्या मातीनं बंद करा, प्रत्येकापाशी काडी रोवा आणि मोजा. सकाळी ऊन व्हायच्या आत जाऊन किती उघडली ते बघा. उघडली तेवढीच वस्तीची. तिथं उकीर किती, रंग कसा, भोक केवढं, ते वहीत लिहा, आणि हेच मार्गशीर्षात, चैत्रात आणि मृगानंतर पुन्हा करा. एका वर्षात तुमच्या बारा एकरांचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. फक्त जी बिळं सकाळी बंदच राहिली ती रिकामी आहेत असं धरून आत हात घालू नका. नागोबा रोज रात्री बाहेर पडतोच असं नाही.